भडोचचं प्राचीन बंदर: काय उरलंय आणि ते कसं बघायचं

नर्मदातीर

बडोद्यातली मराठी मंडळी लोथलला जातात, हौसेने धोळावीरापर्यंतही जातात. पण जेमतेम ७० किलोमीटरवरचं भडोच आपल्यासाठी खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, घेण्यापुरतं राहिलं आहे. जाऊन आलेल्यांचं म्हणणंही ठरलेलं असतं: तिथे बघण्यासारखं काही नाही. बघायचं भरपूर आहे. नजर कुठे लावायची हे मात्र आधी ठाऊक हवं. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तहून निघालेली जहाजं पश्चिम भारतात ज्या मोठ्या बंदराला लागत ते हे भरुकच्छ, ग्रीकांचं बारिगाझा. त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली 'पेरिप्लस' नावाची वाटाड्या-पुस्तिका उपलब्ध आहे. लेखकाचं नाव तीत नाही. तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंत कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, कुठे धोका आहे, हे त्याने कोरड्या भाषेत नोंदवलं आहे. भडोचवर मात्र तो थांबून थांबून लिहितो. इथला धंदा मोठा होता आणि इथे पोचणं अवघड होतं.

अवशेष दिसत नाहीत याचं पहिलं कारण म्हणजे हे शहर कधी ओसच पडलं नाही. लोथल उजाड झालं म्हणून ते खणता आलं. भडोचमध्ये माणसं दोन हजारांहून जास्त वर्षं सलग राहत आली आहेत, आणि जुनं शहर आजच्या घरांच्या पायाखाली आहे. नदीकाठचा किल्ल्याचा उंचवटा पात्रापासून ६०-८० फूट वर आहे. त्यात पिढ्यान् पिढ्यांची पडझड, राख, खापरं आणि विटा यांचे थर साचलेले आहेत. जुन्या भागातल्या चढाच्या गल्ल्यांतून चालताना आपण त्या थरांवरूनच चालत असतो.

पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९५९-६० मध्ये इथे छोटं उत्खनन केलं. त्यात मातीचा तट, त्याच्या बाहेर खंदक, मौर्यकाळाशी जोडली जाणारी काळी चकचकीत खापरं आणि घडण अपुरी राहिलेले दगडी मणी मिळाले. म्हणजे रोमन व्यापार भरात येण्याच्या आधीपासून हे तटबंदीचं शहर होतं.

दांडियाबाजार

लोथलला विटांचा हौद आहे, साधारण २१४ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद. तो गोदी होता की पाण्याचा तलाव, यावर वाद झाले, पण निदान डोळ्यांसमोर काहीतरी असतं. भडोचला जहाजं लागायची कुठे? धक्का, पायऱ्या, दगडी बांध, काहीच कसं नाही?

उधाण

दांडियाबाजार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नदीत आहे. भडोचचं बंदर म्हणजे नर्मदेचं पात्रच. समुद्रापासून ते वर किती होतं तेही पेरिप्लसने दिलं आहे: ३०० स्टेडिया, म्हणजे ५० किलोमीटरच्या आसपास. एवढं अंतर वर येणं शक्य होतं ते भरतीच्या जोरावर.

खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वांत जास्त. भावनगरच्या बाजूला उधाणाला तो १० मीटरच्या वर जातो. कोकणात ४-५ मीटर म्हणजे आपण मोठं उधाण म्हणतो, त्यावरून अंदाज करा. आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, त्यामुळे आत शिरणारं पाणी दाटतं आणि चढतं.

आता जहाज आत आणण्याची रीत बघा. आखाताच्या तोंडाशी एका बाजूला खडकाळ रांग, दुसऱ्या बाजूला भूशिर, आणि तळ असा खडबडीत की नांगराचे दोर कापले जायचे. किनारा इतका सखल की अगदी जवळ येईपर्यंत नदीचं मुख ओळखता येत नसे. मुखाशी वाळूचे दांडे. म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी भरपूर वल्हेकरी असलेल्या मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जाऊन थांबत. परदेशी जहाज दिसलं की त्याला ताब्यात घेऊन दांड्यांमधल्या वाटेने आत आणत.

पुढचा भाग महत्त्वाचा. भरती सुरू होताच जहाज दोराने ओढत निघायचं. ओहोटी लागली की पुढे जायचा प्रयत्नच करायचा नाही. ठरलेल्या डोहात नांगर टाकून पाणी परत चढेपर्यंत थांबायचं. हे डोह म्हणजे पात्रातल्या खोल जागा, थेट भडोचपर्यंत एकामागोमाग एक. ओहोटीतही तिथे जहाज तरंगतं राहण्याइतकं पाणी असायचं. ओढून न्यायचं जहाज एका भरतीत ५० किलोमीटर कापू शकत नाही, त्यामुळे डोह माहीत नसलेला तांडेल अर्ध्या वाटेत कोरडा पडणार.

कोरडं पडल्यावर काय होतं तेही त्याने लिहिलं आहे. खाली कणा असलेलं जहाज चिखलात बसलं की एका कुशीवर कलंडतं. दोन्ही बाजूंना टेकू लावले नसतील तर पुढची भरती त्याला उभं करत नाही. पाण्याचा पहिलाच लोंढा कलत्या बाजूने आत शिरतो आणि जहाज भरतं. चालत्या जहाजाला दुसरा धोका: लोंढ्यात नांगर धरत नाही, जहाज आडवं होतं आणि दांड्यावर आपटतं. छोट्या होड्या सरळ उलटतात. अमावास्येच्या सुमारास रात्री आत शिरणं सर्वांत वाईट. पाणी दिसायच्या आधी त्याचा आवाज येतो, लांबून सैन्याची आरोळी यावी तसा. एरवी मोजून शब्द वापरणारा हा माणूस इथे मात्र मोकळेपणाने लिहितो, कारण हे त्याला हिशेबाइतकंच महत्त्वाचं होतं.

तेव्हा धक्का शोधू नका. अशा पाण्यात दगडी धक्का ओहोटीला चिखलात उभा राहिला असता. माल उतरायचा तो काठाच्या उतारावर, लहान होड्यांतून आणि खांद्यांवरून.

सयाजीगंज

उधाण यांचा प्रतिसाद उत्तम. त्याला आजच्या नदीची जोड देतो, कारण आता गेलात तर तुम्हाला पेरिप्लसमधली नदी दिसणार नाही. सरदार सरोवर धरणानंतर खाली येणारं गोडं पाणी कमी झालं, त्यामुळे कोरड्या महिन्यांत खारं पाणी वर सरकतं. पावसाळ्यात उलट: दरवाजे उघडले की पूर. सप्टेंबर २०२३ चा पूर भडोचकरांच्या चांगला लक्षात आहे. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नदीकाठ बघायला जाऊ नये.

शिवाय भडोचच्या खालच्या अंगाला भाडभूतला बंधारा होतो आहे. खारं पाणी अडवणं आणि गोडं पाणी साठवणं हाच त्याचा हेतू. तो पूर्णपणे चालू झाला की भडोचच्या काठाला भरती लागणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचं वर्णन जागेवर उभं राहून पडताळता येण्याचे दिवस आता थोडे राहिले आहेत. ज्यांना जायचं आहे त्यांनी उशीर करू नये.

टांकसाळ

बंदराचा मालक कोण, हा भाग आपल्या, म्हणजे मराठी वाचकांच्या, जास्त जवळचा आहे.

पेरिप्लसच्या काळात भडोचवर पश्चिमी क्षत्रप, म्हणजे शक राजघराण्यातल्या, नहपानाची सत्ता होती असं बहुतेक अभ्यासक मानतात. दक्षिणेत पैठणचे सातवाहन. दोघांचं भांडण बंदरांवरून आणि घाटवाटांवरून. पेरिप्लस सांगतो की कल्याण पूर्वी रीतसर बाजारपेठ होतं, पण नंतर त्याची कोंडी झाली, आणि चुकून तिथे गेलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याची भीती असे.

नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या पांडवलेण्यांत १० क्रमांकाच्या लेण्यात त्याचे लेख आहेत. त्यात त्याने भरुकच्छ, दशपूर (मंदसोर), गोवर्धन (नाशिकजवळ) आणि शूर्पारक (सोपारा) इथे धर्मशाळा बांधल्याचं कोरलं आहे, आणि दमण, तापी, डहाणूच्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचंही. दानशूरपणा आहेच, पण ही नावं नकाशावर मांडून बघा. भडोचपासून सोपारा आणि नाशिकपर्यंतच्या वाटेवरचे मुक्काम आणि उतार त्यात सापडतात. याच लेखांत हिशेब आहे: ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, एका सुवर्णाला ३५ चा भाव. चांदी-सोन्याचा विनिमय दर दगडावर कोरलेला असा मिळणं फार दुर्मीळ.

पेरिप्लसमध्ये आणखी एक बारीक नोंद आहे. त्याच्या काळी भडोचच्या बाजारात मिनँडर आणि अपोलोडोटस या जुन्या यवन, म्हणजे ग्रीक, राजांची नाणी अजून चालत होती. रोमन सोन्या-चांदीच्या नाण्यांवर बदलीत नफा मिळे, म्हणून ती इथे आणली जात.

मग गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. याचा पुरावा नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ मध्ये मिळाला: नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी, आणि त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा पुन्हा मारलेला. हे नाणं संग्रहालयात बघायला मिळालं तर तिरप्या उजेडात बघा. जेमतेम २ ग्रॅमचा चांदीचा तुकडा. एका बाजूला तीन कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांचं उज्जैन चिन्ह, आणि त्याखाली पुसट झालेलं नहपानाचं नाक, गाल, कडेला ग्रीक अक्षरांचे तुकडे. वितळवून नवं नाणं पाडायला वेळ लागतो, इंधन लागतं. ठसा मारायला एक घाव पुरतो, आणि सत्ता कोणाची ते बाजारात लगेच कळतं.

दांडियाबाजार

जैन परंपरेतही भडोचच्या वेढ्याची कथा आहे ना?

टांकसाळ

हो, आवश्यकसूत्र या जैन ग्रंथावरच्या टीका-वाङ्मयात. भरुकच्छचा नहवाहन खजिन्याने बलाढ्य, पैठणचा सालवाहन सैन्याने. वेढे घालून उपयोग होईना, तेव्हा सालवाहनाने आपल्या मंत्र्याला खोटंच हाकलून दिलं. तो भरुकच्छला आश्रयाला गेला, राजाचा विश्वास मिळवला आणि देवळं, तळी, दानधर्म यांत खजिना रिकामा करवला. मग पैठणचं सैन्य आलं आणि शहर पडलं. कथा म्हणूनच वाचावी, पण बंदराचा राजा पैशावर लढतो, भाडोत्री बळावर टिकतो, हे जाणून ती रचली आहे. मला ती उषवदाताच्या दानांच्या यादीशेजारी ठेवून वाचावीशी वाटते.

गोदाकाठ

पैठणची वाट सांगतो. पेरिप्लसनुसार भडोचपासून दक्षिणेला पैठण २० दिवसांवर, आणि तिथून पूर्वेला तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, १० दिवसांवर. नकाशावर भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर भरतं. वळणं आणि चढ धरून दिवसाला २० किलोमीटरच्या आसपास पडतात, भरलेल्या बैलगाडीला शोभेल असा वेग. दिशा मात्र त्याने ढोबळ दिली आहे. पैठण प्रत्यक्षात आग्नेयेला येतं.

तापीचं खोरं ओलांडून खानदेशातून सातमाळ्याची डोंगररांग चढायची. त्या चढाच्या कडेलाच पितळखोऱ्याची लेणी आहेत, आणि तिथल्या लेखात पैठणच्या एका गंधिकाचं, सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी घराण्यातल्या माणसाचं, दान कोरलेलं आहे. व्यापारी याच वाटेने जात होते याचा इतका थेट पुरावा क्वचित मिळतो.

माल काय? पैठणहून दगड, तेरहून साधं कापड आणि मलमल. गाड्या चालत त्या मुलखात धड रस्ते नव्हते, असं तो मुद्दाम नोंदवतो. उज्जैनहूनही अकीक (मण्यांचा लालसर दगड) आणि कापड भडोचलाच उतरायचं. परतीला येणाऱ्या मालाची यादी मोठी आहे: दारू, त्यातही इटलीची जास्त पसंत, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, आणि राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुलं, उंची वस्त्रं. जहाजं इजिप्तहून जुलैमध्ये सुटत आणि नैर्ऋत्य वाऱ्यावर येत.

घडाई

अकीकाबद्दल थोडं सविस्तर, कारण या बंदराच्या मालातली ही एकच वस्तू अशी आहे की जिची खाण आजही दाखवता येते आणि कारागिरी शेजारच्या खंबातला बघता येते.

दगड येतो तो भडोच जिल्ह्यातल्याच झगडिया तालुक्यातल्या रतनपूरच्या टेकड्यांतून. खाणीतून निघतो तेव्हा तो लाल नसतो. मळकट, पिवळसर, तपकिरी गोळा. लाली भाजल्यावर येते, कारण दगडातलं लोह तापून तांबडं होतं. आधी गोळे महिनोन् महिने उन्हात वाळवतात, मधून मधून उलटत. ही पायरी टाळली तर आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि भट्टीत दगड तडकतो. मग मातीच्या मडक्यांत भरून, शेणीच्या मंद विस्तवावर. विस्तव एकदम चढवायचा नाही, आणि मडकी गरम असताना उघडायची नाहीत. गडद रंग हवा तर हे एकाहून जास्त वेळा करावं लागतं.

फोडण्याची रीत उलटी वाटते. जमिनीत तिरपा रोवलेला लोखंडी खिळा असतो. दगड त्याच्या टोकाला टेकवायचा आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या, बारीक लवचिक दांड्याच्या हातोडीने हलकेच मारायचं. टवका उडतो तो हातोडीच्या बाजूने नव्हे, खिळ्याच्या बाजूने. शिंग मऊ असल्यामुळे दगडाला धक्का बसतो पण चुरा होत नाही. त्यानंतर घासणं, मग कमानीच्या गिरमिटाने भोक. हल्ली टोकाला हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात. भोक दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पाडतात. एकाच बाजूने पार नेलं तर पलीकडचं तोंड फुटतं.

म्हणून वर नर्मदातीर यांनी उल्लेखलेले अर्धवट मणी मोलाचे. तयार मणी कुठूनही आलेला असू शकतो. भोक अर्धं पडलेला किंवा कडा फुटून टाकून दिलेला मणी जिथे मिळतो, तिथे कारखाना होता.

खापर

जुन्या उंचवट्याच्या कापलेल्या कडांवर, पावसाने धुऊन गेलेल्या उतारावर खापरं दिसतात. ओळख थोडक्यात.

लाल चकाकीची: बारीक माती, पातळ, बोटाला गुळगुळीत. बहुतेक वेळा तोटीच्या झारीचे तुकडे. पूर्वी ही भांडी रोमन प्रभावाची मानत, आता ती गुजरातचीच समजली जातात. अँफोरा, म्हणजे दोन कानांचा दारू-तेलाचा उभा रांजण: खापर जाड, आणि इटलीच्या काही जातींच्या मातीत ज्वालामुखीचे बारीक काळे चकचकीत कण. इथे घोटाळा होतो तो इराण-इराककडच्या रांजणांशी. त्यांना कान नसतात, बूड निमुळतं असतं आणि आतून डांबराचा काळा लेप असतो. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी हे तुकडे आधी रोमन म्हणून नोंदले गेले. खापराची फक्त बाहेरची बाजू बघून निर्णय देऊ नये. तुटलेली कड आणि आतला लेप दोन्ही बघायचे.

उचलून घरी आणू नये. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे जागा सुटली की खापर मुकं होतं. शेजारी पट्टी ठेवून फोटो, जागेची नोंद, थराची उंची, एवढं करून पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बडोदा मंडळाला किंवा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवावं.

आणि बडोद्यातच सुरुवात करता येते. विश्वामित्रीकाठचं अकोटा म्हणजे जुनं अंकोट्टक. तिथल्या उत्खननात ग्रीक-रोमन घडणीची काशाची मूठ मिळाली आहे. भडोचला उतरलेला माल आपल्या दारापर्यंत येत होता.

सयाजीगंज

बंदर मागे का पडलं हेही कोणीतरी लिहायला हवं. थोडक्यात: सातव्या शतकात चिनी यात्रेकरू युआन श्वांग आला तेव्हा लोक समुद्रावरच पोट भरत होते, मीठ उकळून काढत होते, दहाएक विहार होते. पुढे खंबात वर आलं, मग सुरत. नर्मदेचे वाळूचे दांडे होते तिथेच राहिले आणि जहाजं मोठी होत गेली. तरी सतराव्या शतकात इंग्रज आणि डच दोघांनीही भडोचला वखारी ठेवल्या, इथल्या बाफ्ता कापडासाठी. नंतर शहर काही वर्षं महादजी शिंद्यांकडे होतं. १८०३ मध्ये इंग्रजांनी ते परत घेतलं.

दांडियाबाजार

सगळ्यांचे आभार. एका दिवसात जायचं तर क्रम काय ठेवावा? आणि भरतीची वेळ कशी काढायची? कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तसं चालेल का?

उधाण

तिथीची पाऊणपट हे कोकण किनाऱ्याचं गणित, ते इथे लावू नका. भरतीची लाट आखात चढून मग नदीत ५० किलोमीटर वर येते, त्यामुळे भडोचला ती समुद्रकिनाऱ्यापेक्षा बरीच उशिरा पोचते. जवळच्या बंदराचं छापील कोष्टक बघून त्यानंतरचे काही तास हाताशी ठेवा, आणि घाटावरच्या नावाड्याला आदल्या दिवशीची वेळ विचारा. रोज ती पाऊण तास ते तासभर पुढे सरकते.

दिवस पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचा दुसरा-तिसरा धरा, डिसेंबर ते मार्चमधला. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या, दिवसांत गेलात तर पाणी नुसतं हळूहळू चढताना दिसेल. सकाळी आधी जुना भाग चढून घ्या: किल्ल्याचा उंचवटा, तटाचे उरलेले तुकडे, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली जामा मशीद आणि तिच्यातले जुन्या देवळांचे कोरीव खांब आणि छतं. मग ओहोटी संपण्याच्या तासभर आधी दशाश्वमेध घाटाकडे या. पात्रातले दांडे उघडे पडलेले असतील आणि त्यांच्यामधल्या खोल पट्ट्या गडद दिसतील. त्या पट्ट्यांचा माग डोळ्यांनी घ्या, कारण वाटाडे जहाज न्यायचे ती वाट अशीच असायची. नर्मदेवरच्या गोल्डन ब्रिज या जुन्या पुलाच्या खांबांवरच्या ओल्या रेषेवरून पाणी किती चढतं ते मोजता येतं. चिखलात मात्र उतरू नका, वरून टणक दिसतो आणि गुडघ्यापर्यंत धरतो. पाणी फिरलं की काठावरच्या होड्यांची तोंडं बघा. नांगरलेली होडी आधी वळते, प्रवाह उलटल्याचं पाण्याकडे बघून त्यानंतर कळतं.